गाव बंद आणि लेकरू तापलेलं

शिरूर कासार हा बीड जिल्ह्याच्या पश्चिम कडेचा तालुका. गाव सिंदफणेच्या काठी, आणि तालुक्याची हद्द ओलांडली की पाथर्डी, म्हणजे नगर जिल्हा. इथलं लेकरू जास्त आजारी पडलं आणि गावातल्या डॉक्टरांनी ‘मोठ्या दवाखान्यात हलवा’ असं सांगितलं, की घरात पहिला प्रश्न निघतो तो बीडला न्यायचं का नगरला, हा. बीडला जिल्हा रुग्णालय आहे. नगरला कुणाच्या तरी ओळखीचा बालरोगतज्ज्ञ असतो, एखादा पाहुणा खोली करून राहत असतो, त्यामुळे डब्याची आणि रात्रीच्या मुक्कामाची सोय होते. एरवी हा प्रश्न नात्यागोत्यावर आणि खिशातल्या पैशांवर सुटतो. २०२० च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या टाळेबंदीत, तो जिल्ह्याच्या हद्दीवरच्या चेकपोस्टवर येऊन थांबला. दुसऱ्या जिल्ह्यात जायला ई-पास लागत होता, तो सप्टेंबर २०२० च्या सुरुवातीला बंद झाला; पुढे दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, जिल्हाबंदी पुन्हा आली. दवाखान्याच्या तातडीच्या कामाला दोन्ही वेळी मुभा होती. पण मुभा आहे हे माहीत असणं, मध्यरात्री गाडी मिळणं आणि नाक्यावरच्या माणसाला तापलेलं पोर दाखवून पुढे जाणं या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

साथीच्या काळात मुलांच्या बाबतीत खरा धोका कशाचा होता, याचा हिशेब आता शांतपणे मांडता येतो. नवा विषाणू बहुतेक मुलांनी सोसला. देशभर रक्ततपासणी करून किती लोकांना संसर्ग होऊन गेला हे पाहणाऱ्या आयसीएमआरच्या सिरो सर्वेक्षणात महाराष्ट्रातले सहा जिल्हे होते, आणि त्यांत नगर, परभणी, नांदेड, जळगाव, सांगली यांच्याबरोबर बीडही होता. जून-जुलै २०२१ च्या चौथ्या फेरीत पहिल्यांदाच सहा वर्षांपुढच्या मुलांचे नमुने घेतले गेले. देशपातळीवर सहा ते नऊ वयोगटातल्या ५७.२ टक्के आणि दहा ते सतरा वयोगटातल्या ६१.६ टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली. तोपर्यंत मुलांसाठी लस आलेलीच नव्हती. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांना कोरोना होऊन गेला होता, आणि त्यांतल्या बहुसंख्यांच्या घरी तो साधी सर्दी म्हणून निघून गेला होता किंवा कळलाही नव्हता.

उशीर मात्र मुलांना सोसत नाही. मार्च २०२० मध्ये इटलीतल्या मुलांच्या रुग्णालयांनी आपापल्या नोंदी काढून पाहिल्या. तातडीच्या विभागात येणाऱ्या मुलांची संख्या आदल्या वर्षांच्या मानाने ७३ ते ८८ टक्क्यांनी घटली होती. मुलं एकाएकी ठणठणीत झाली होती असं नाही. २३ ते २७ मार्च या एका आठवड्यात, भीतीपोटी उशिरा आणलेली किंवा वेळेत सेवा न मिळालेली बारा मुलं या रुग्णालयांत दाखल झाली. निम्म्यांना अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं, चार दगावली. नव्याने जडलेला मधुमेह, तीव्र जंतुसंसर्ग असे त्यांचे आजार होते. कोरोना त्यांचा मूळ आजारच नव्हता. हे निरीक्षण ‘लॅन्सेट’च्या बालआरोग्याच्या नियतकालिकात छापून आलं तेव्हा आपल्याकडे टाळेबंदीचे पहिले दिवस होते आणि गावोगावचे खाजगी दवाखाने शटर ओढून बसले होते.

आपल्याकडची भीती वाढायला पुढे कारणंही मिळाली. एप्रिल २०२१ मध्ये अंबाजोगाईत एकाच रुग्णवाहिकेतून बावीस मृतदेह स्मशानात नेले गेले. ती बातमी जिल्ह्यातल्या प्रत्येक मोबाइलवर फिरली. ज्या आईने ती पाहिली, तिला ‘ताप आलाय तर दवाखान्यात जाऊन दाखव’ हे सांगणं सोपं नव्हतं. शिवाय पोराला नेलं तर स्वॅब घेतील, स्वॅब पॉझिटिव्ह आला तर अख्खं घर बंद करतील, हाही धाक होताच. तो धाक अडाणीपणाचा होता असं म्हणणाऱ्यांनी त्या दिवसांत रोजंदारी करून पाहायला हवी होती.

मग घरी बसून ओळखायचं कसं? तापाचा आकडा बघून मूल किती आजारी आहे हे फारसं कळत नाही. १०३ ताप असलेलं मूल पॅरासिटामॉलनंतर उतरलेल्या तापात खेळत असेल, पाणी मागत असेल, तर थोडं थांबता येतं. ताप शंभरच्या आतच असलेलं पण मलूल पडून राहिलेलं, हाक मारली तर नुसते डोळे उघडून पुन्हा मिटणारं मूल थांबू देत नाही. अंगावर पीत नाही, काहीही दिलं की ओकून टाकतं, आकडी आली, गुंगीत आहे, यांतलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नसते. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर नियम आणखी कडक: त्याला ताप आला किंवा त्याचं अंग गार पडलं, तर दोन्ही वेळा तातडीनेच निघायचं.

श्वास मोजायला कुठलंही यंत्र लागत नाही आणि तो कुणालाही मोजता येतो. मूल झोपलेलं किंवा निदान शांत असावं; रडताना मोजलेला आकडा फुकट. अंगातला झबला वर करायचा, पोटाकडे बघायचं आणि मोबाइलवर मिनिट लावून पूर्ण साठ सेकंद मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याचा आळस करू नये, कारण लहान मुलं मध्येच थांबून, मग भराभर श्वास घेतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त भरले, तर श्वास जोरात चालला आहे असं जागतिक आरोग्य संघटनेचं मोजमाप आहे. अंगणवाडीच्या कुपोषणाच्या तक्त्याइतकंच हे मोजमाप आशाताईंना पाठ असतं. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, कण्हल्याचा आवाज येत असेल, तर मोजत बसायचीही गरज नाही. आपल्याकडे बायका ‘पोट उडतंय’ म्हणतात, ते हेच.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने त्या दोन वर्षांत घराघरांत जागा मिळवली. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशा आणि अंगणवाडीसेविका तो घेऊन दारोदार फिरल्या. मोठ्या माणसांच्या बोटासाठी बनवलेली ती चिमटी तान्ह्या बाळाच्या बोटावर नीट बसत नाही आणि भलताच आकडा दाखवते. बाळांसाठी वेगळा प्रोब असतो, तो पायाच्या अंगठ्याला किंवा तळव्याला गुंडाळतात. थोड्या मोठ्या मुलाला लावताना हात गार नको, नखावर नेलपॉलिश नको, हात हलता कामा नये. एवढं पाळून आकडा स्थिर झाला आणि तो ९४ च्या खाली असला, तर घर सोडायचं.

निघायचं ठरलं की एक चिठ्ठी तयार करावी. तिच्यात पहिली गोष्ट लिहायची मुलाचं वजन. दवाखान्यात हा प्रश्न हटकून येतो आणि हटकून अडतो.

“मावशी, लेकराचं वजन किती?”

“काय की बाई, अंगणवाडीत केल्तं मागं.”

सिस्टर विचारते ते उगीच नाही. मुलाचं जवळजवळ प्रत्येक औषध किलोवर ठरतं. पॅरासिटामॉलचा एक डोस किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, आणि दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर. त्यात बाजारात तेच औषध पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असलेलं मिळतं, २५० असलेलं मिळतं, आणि बाळांच्या थेंबांत एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असतं. म्हणजे ‘एक चमचा दिला’ या वाक्यातून डॉक्टरांना काहीच कळत नाही. बाटली सोबत न्यावी, आणि किती वाजता दिलं ते लिहावं. शेवटची लघवी कधी झाली हेही लिहावं. सहा-आठ तास लंगोट कोरडा असणं ही डॉक्टरांसाठी मोठी बातमी असते. लसीकरणाचं कार्ड, म्हणजे अंगणवाडीत वजनाच्या रेषा काढतात ते माता बाल संरक्षण कार्ड, पिशवीत आधी टाकावं. वजन त्याच्यावर सापडतं.

आता वाहन. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ पासून आहे. ९३७ रुग्णवाहिकांनिशी ती सुरू झाली आणि तिच्यात डॉक्टर असतो. वर्षाच्या आतलं बाळ आणि बाळंतीण यांच्यासाठी १०२ ची गाडी आहे, सरकारी दवाखान्यापर्यंत आणि तिथून परत घरापर्यंत, विनाखर्च. लोक १०८ ची वाट न बघता ओळखीची जीप काढतात, आणि जवळ जायचं असेल तर त्यात शहाणपणही असतं. श्वासाला त्रास असलेल्या मुलाला ऑक्सिजनशिवाय बीडपर्यंत नेणं मात्र जोखमीचं. आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात ऑक्सिजन लावून, तिथून पुढे फोन करून, चिठ्ठी घेऊन हलवलेलं मूल जास्त सुरक्षित पोचतं. आपल्याकडे मधला टप्पा गाळून थेट ‘मोठ्या’ दवाखान्यात नेण्याची घाई असते. तिच्यापायी वाटेतच जीव गेलेले आहेत.

साथीत आजारी लेकराला उचलून दवाखान्यात नेण्याची महाराष्ट्रातली सगळ्यांत मोठी गोष्ट वाहनाविना घडली. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या वस्तीतल्या प्लेगने आजारी मुलाला स्वतः उचलून हडपसरला, ससाणे मळ्यात त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव यांनी उघडलेल्या दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने केलेला साथरोग कायदा १३ मार्च २०२० ला महाराष्ट्राने पुन्हा लागू केला. सव्वाशे वर्षांनी कायदा तोच होता, आणि रुग्णाजवळ कुणी जायचं, हा प्रश्नही तोच होता.

या प्रश्नात मुलांचं प्रकरण वेगळं आहे. मोठ्या माणसाला वॉर्डात एकटं ठेवता येतं, वाईट असलं तरी येतं. तीन वर्षांचं मूल एकटं दाखल करता येत नाही. त्याला पाणी हवं असतं, शी पुसून हवी असते, रात्री जाग आली की ओळखीचा हात लागतो. लहान मूल दाखल झालं की खाट एकाची भरते आणि माणसं दोन भरती होतात. आपल्या सरकारी दवाखान्यांनी हे पाळलं. बालरुग्ण विभागात खाटेवर लेकरू आणि खाटेखाली चटई टाकून आई, हे दृश्य सगळ्यांच्या ओळखीचं आहे. प्रगत म्हणवणाऱ्या ब्रिटनला तिथवर यायला १९५९ उजाडलं. त्याआधी तिकडच्या रुग्णालयांत आईवडिलांना आठवड्यातून ठरावीक वेळीच भेटू देत, कारण भेटून गेल्यावर मूल रडतं आणि वॉर्डाची शिस्त बिघडते. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये दोन वर्षांच्या एका मुलीचे रुग्णालयातले आठ दिवस चित्रित केले. आधी रडणारी ती मुलगी हळूहळू गप्प होत गेली, आणि परिचारिका ज्याला ‘रुळली’ म्हणत होत्या ते रुळणं नव्हतं, हे पडद्यावर दिसलं. १९५९ च्या प्लॅट अहवालाने मग भेटीवरची बंधनं काढायला सांगितली.

कोरोनाने हा प्रश्न नव्याने उभा केला. मूल पॉझिटिव्ह आणि आई निगेटिव्ह, किंवा उलटं, तर काय? जागतिक आरोग्य संघटनेने सुरुवातीपासून सांगितलं होतं की आई बाधित असली तरी मास्क लावून, हात धुऊन तिने बाळाला जवळ घ्यावं, पाजावं. प्रत्यक्षात कितीतरी ठिकाणी बाळं वेगळी ठेवली गेली. भीती नियमाच्या पुढे धावली. मे २०२१ मध्ये, नेमकी आपल्याकडे दुसरी लाट भरात असताना, भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतल्या अभ्यासाचे निष्कर्ष छापून आले: कमी वजनाच्या बाळाला जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी उघड्या अंगाने ठेवलं, तर पहिल्या महिन्यातले मृत्यू २५ टक्क्यांनी घटतात. आईला बाजूला काढण्याचीही किंमत असते आणि ती मोजता येते, हे त्यातून आकड्यांत दिसलं.

शिरूर तालुक्यात ‘सोबत कोण’ या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. दिवाळीच्या सुमारास इथल्या कितीतरी घरांतले नवरा-बायको कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडालाच परततात. मागे राहिलेली मुलं आजीजवळ असतात, हंगामी वसतिगृहात असतात, किंवा आर्वीच्या ‘शांतिवन’सारख्या ठिकाणी शिकतात. अशा घरातलं लेकरू जानेवारीत आजारी पडलं की दवाखान्यात जाणारी व्यक्ती आजी असते. तिला केसपेपरवरचं जुनं औषध वाचता येत नाही, सुनेचा फोन उसाच्या फडावर रेंजमध्ये नसतो, आणि संमतीपत्रावर अंगठा द्यायला ती बिचकते. तातडीचा उपचार सहीसाठी अडत नाही, हे तिला कुणीतरी आधी सांगायला हवं. मार्च २०२० मध्ये उलटंच झालं: आईबाप आणि बरोबर नेलेली लहान मुलं कारखान्यांवर अडकली, एप्रिलच्या मध्यात परवानगी मिळून परतली, आणि गावात न येता कितीएक कुटुंबं शेतात विलगीकरणात राहिली. दवाखाना गाठणं त्यांना गावकऱ्यांपेक्षाही अवघड होतं. १३ एप्रिल २०२० ला केंद्राने सुरू केलेली ‘ई-संजीवनी’ ओपीडी अशांच्या कामाची होती, पण तिला स्मार्टफोन लागतो, आणि तो फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, असला तरी चार्जिंग असेलच असं नाही.

दवाखान्यात पोचल्यावर मुलाला सगळ्यांत जास्त भीती वाटते ती चेहरा नसलेल्या माणसांची. पीपीई किटमधून फक्त चष्मा दिसतो. इबोलाच्या साथीत, २०१५ च्या सुमारास, मेरी बेथ हेफर्नन या अमेरिकन कलावतीने लायबेरियात डॉक्टर-नर्सच्या छातीवर त्यांचा हसरा फोटो चिकटवण्याचा प्रयोग केला होता. कोरोनात तो अनेक देशांत पुन्हा वापरला गेला. खर्च एका स्टिकरचा. स्वॅब घेताना मुलाला टेबलावर आडवं दाबून धरण्यापेक्षा मांडीवर बसवावं, त्याची पाठ आपल्या छातीला, एका हाताने त्याचे दोन्ही हात मिठीत, दुसऱ्याने कपाळ धरून डोकं आपल्या खांद्याला टेकवावं. ‘काही होत नाही’ असं खोटं सांगू नये. ‘नाकात गुदगुल्या होतील, डोळ्यांत पाणी येईल, पाच मोजेपर्यंत संपेल’ असं सांगितलं तर पुढच्या वेळी ते आपल्यावर विश्वास ठेवतं. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांबाबत मास्कचा हट्ट धरूच नये, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने जून २०२१ च्या मार्गदर्शनात सांगितलं होतं. त्याच मार्गदर्शनात मुलांना रेमडेसिवीर देऊ नका, सौम्य आजारात स्टेरॉइड देऊ नका आणि ऊठसूट छातीचा सीटी काढू नका असंही होतं. रेमडेसिवीरच्या चिठ्ठ्या घेऊन लोक वणवण फिरत होते त्या महिन्यांनंतरचं हे वाक्य आहे, हे लक्षात घ्यावं.

तिसरी लाट मुलांवर येणार, अशी हवा त्याच सुमारास उठली होती. राज्याने डॉ. सुहास प्रभू यांच्या अध्यक्षतेखाली बालरोगतज्ज्ञांचं कृतिदल नेमलं आणि जिल्ह्याजिल्ह्यांत बालकांचे कोविड वॉर्ड उभे राहिले. लाट मुलांवर म्हणून आली नाही. त्यानिमित्ताने लहान मापाचे ऑक्सिजन मास्क, नळ्या, मॉनिटर जिल्ह्याच्या ठिकाणी आले. अफवेतून निघालेलं हे काम एरवी दहा वर्षांत झालं नसतं, असं माझं मत आहे.

मुलांत कोरोनाचा एक खरा घातक प्रकार होता आणि तो आजार बरा झाल्यावर येत असे. संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांनी पुन्हा ताप, अंगावर पुरळ, लाल डोळे, लाल ओठ, पोटात जोराची कळ, कधी हगवण. एप्रिल २०२० च्या अखेरीस ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी त्याचा इशारा दिला, मे महिन्यात अमेरिकेने त्याला एमआयएस-सी असं नाव दिलं, आणि काही आठवड्यांत परळच्या बाई जेरबाई वाडिया रुग्णालयात, १९२९ पासून फक्त मुलांसाठी चालणाऱ्या त्या संस्थेत, अशी मुलं दिसू लागली. हा आजार जपानी डॉक्टर तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ मध्ये वर्णन केलेल्या आजारासारखा दिसतो. ते स्वतः जून २०२० मध्ये वारले. एमआयएस-सीमध्ये मूळ विषाणू गेलेला असतो, शरीराची प्रतिकारशक्तीच हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर उठते. उपचार स्टेरॉइड आणि शिरेतून देण्याच्या इम्युनोग्लोब्युलिनचा, किलोमागे दोन ग्रॅम, आणि ते औषध फार महाग. पोटदुखीमुळे काही मुलांना अपेंडिक्स समजून शस्त्रक्रियेपर्यंत नेलं गेलं. म्हणून ‘महिन्यापूर्वी घरात कुणाला ताप-खोकला होता का’ या प्रश्नाचं खरं उत्तर डॉक्टरांना द्यायला हवं. लपवलं तर निदान चुकतं.

दवाखान्यापासून दूर राहिल्याचं बिल नंतरही आलं. २०२० च्या वसंतात लसीकरणाची सत्रं थांबली, पुढे सुरू झाली तरी आया बाळांना घेऊन यायला कचरल्या. २०२१ मध्ये जगभरात अडीच कोटी बाळांचे नेहमीच्या लसींचे डोस पूर्ण झाले नाहीत. २०२२ च्या हिवाळ्याच्या तोंडावर मुंबईत गोवंडीला, मग मालेगाव-भिवंडीला गोवर उसळला आणि मुलं दगावली. गोवराची लस नव्या शोधाची नव्हती, ती उपकेंद्राच्या शीतपेटीत पडून होती. कारखान्यावर गेलेल्या बाळाची नेमकी हीच लस हुकते: पहिला डोस नऊ ते बारा महिन्यांत, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत, आणि मधला एक हंगाम फडावर. राहिलेला डोस ज्या गावात असाल तिथल्या आरोग्य केंद्रात मिळतो, पत्ता कुठला ते कुणी विचारत नाही. खंड पडला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलं तिथून पुढे देतात. कार्ड पावसात भिजलं किंवा कोपीत हरवलं असेल, तर गावच्या उपकेंद्रातल्या सिस्टरच्या रजिस्टरमध्ये तारखा असतात. फोनवर विचारल्या तरी त्या सांगतात.